मदत हवी आहे : गुलमर्गला स्नोमोबाईल, सोबत नवखी मंडळी

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही बेळगाव-खानापूरचे पाच जण गुलमर्गला जायचं म्हणतोय. मी पूर्वी एकदा सपाट बर्फावर स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी, स्कूटरसारखं हँडल असलेली गाडी) चालवली आहे, डोंगरउतारावर कधीच नाही. बाकी चौघांनी बर्फसुद्धा पाहिलेला नाही.

सगळ्यात काळजी धाकट्या मावसभावाची. गेल्या पावसाळ्यात जांबोटीवरून चोर्ल्याला जाताना वळणावर त्यानं घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि कुजलेल्या पाल्यावरून गाडी सरळ कडेच्या चरात. कोपराचं सालपट निघालं, तेवढ्यावर निभावलं. पण स्नोमोबाईलचा ॲक्सिलरेटर उजव्या अंगठ्याखाली असतो. घाबरला की माणूस मूठ आवळतो, आणि अंगठाही दाबला जातो. ही सवय आधी कशी मोडावी?

दुसरं, चढावर मधेच थांबलं की मशीन बर्फात रुतते म्हणतात. मग नवख्याला 'थांबू नको' सांगावं की 'चढूच नको'? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतंय. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक, त्यामुळे तिकडे आणि त्यांच्या पायथ्यालाही फिरकायचं नाही, हे पक्कं.

आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर, गुलमर्ग साधारण ८,७०० फुटांवर. पहिला दिवस नुसता विश्रांतीला ठेवला तर पुरेल का? वहिनींना दम्याचा थोडा त्रास आहे. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तिथल्या थंडीचा अनुभव कुणाला असेल तर जरूर सांगा.

आणि तिथे मशीन स्वतः चालवायला देतात की चालक सोबत बसतोच? बसत असेल तर माझा अर्धा घोर मिटला.