प्रादेशिक सेना म्हणजे होमगार्डच का?

प्रश्न
मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे नोकरी-व्यवसाय सांभाळून सेवा देणाऱ्या नागरिकांची सेना) पाचारण करण्याचे अधिकार दिले, तेव्हापासून आमच्या कार्यालयात वाद चालू आहे. ही सेना म्हणजे होमगार्डच, तिचे काम बंदोबस्तापुरते, असे काहींचे म्हणणे आहे. ते खरे आहे का? आणि नोकरदार माणसाला बोलावणे आले, तर त्याच्या नोकरीचे काय होते?

उत्तर १
कृपया ही गल्लत करू नये. होमगार्ड १९४६ च्या डिसेंबरात मुंबई प्रांतात, दंगलींच्या दिवसांत पोलिसांच्या मदतीसाठी उभे राहिले आणि आजही ते राज्याच्या गृहखात्याखाली आहे. प्रादेशिक सेना मात्र १९४८ च्या केंद्रीय कायद्याने निर्माण झाली, ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिचे उद्घाटन केले, आणि ती भूसेनेचाच भाग आहे. कोल्हापूरची १०९ आणि पुण्याची १०१ या तिच्या बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या आहेत. नियमित सैन्याला स्थिर पहाऱ्याच्या कामांतून मोकळे करणे हे तिचे मूळ काम खरे, परंतु १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तिच्या तुकड्या होत्या आणि काश्मीरमध्ये आजही आहेत.

उत्तर २
थोडी मागची भर घालतो. १९२० मध्ये इंग्रजांनी भारतीयांसाठी ‘इंडियन टेरिटोरियल फोर्स’ आणि युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांसाठी वेगळी ‘ऑक्झिलरी फोर्स’ काढली. हौशी शिपायांतही पंगती वेगळ्याच! स्वातंत्र्यानंतर हा भेद गेला, स्थानिक भरतीचे तत्त्व तेवढे राहिले. १९८२ मध्ये तर चुनखडीच्या खाणींनी उघड्या पडलेल्या मसुरीच्या डोंगरांवर झाडे लावण्यासाठी माजी सैनिकांची पर्यावरण बटालियन उभारली गेली. खड्डे खणून रोपे जगवणे हेच त्या जवानांचे काम.

उत्तर ३
नोकरीबद्दल सांगायचे, तर बोलावणे आलेल्या माणसाला सेवा संपल्यावर पुन्हा कामावर घेण्याचे बंधन कायद्यानेच मालकावर घातलेले आहे. रेल्वेसारख्या विभागांच्या तुकड्यांत तर त्या विभागाचेच कर्मचारी असतात. मात्र या सेनेला ‘अर्धवेळ’ म्हणतात, त्या शब्दावर फार विसंबू नये. अधिकाऱ्यांना वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षण असले, तरी पायदळाच्या बटालियनचे ‘एम्बॉडिमेंट’ झाले, म्हणजे तिला पूर्णवेळ लष्करी सेवेवर बोलावले, की जवान वर्षानुवर्षे गणवेशातच राहतात. आपण म्हणता त्या आदेशातही ३२ पैकी १४ बटालियनसाठी फेब्रुवारी २०२८ पर्यंतची मुदत आहे. घरी कर्जाचे हप्ते चालू असतील, तर अर्ज करण्यापूर्वी कार्यालयाकडून रजा व वेतनाचे लेखी उत्तर घ्यावे.