मदत हवी आहे: पोईसर नदीकाठच्या गल्लीत कचऱ्याबद्दल बोलायचंय, सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी,

कांदिवली पूर्वेला पोईसर नदीच्या अगदी काठावर आमची चाळ आहे. पावसाळ्याआधी गल्लीतल्या लोकांना एकत्र बोलवायचं आणि नदीत जाणाऱ्या कचऱ्याबद्दल बोलायचं, असं आमच्या महिला बचत गटाने ठरवलंय. बोलायचं काम माझ्याकडे आलंय. आपल्या वस्तीत किंवा सोसायटीत असं काही केलेल्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे.

ही नदी आहे हेच आमच्याकडे निम्म्या लोकांना ठाऊक नाही, सगळे 'नाला'च म्हणतात. नॅशनल पार्कात ती उगम पावते आणि कांदिवलीतून वाहत मालाडच्या खाडीला मिळते. शेजारच्या आजी लग्न होऊन आल्या तेव्हा इथे कपडे धुवायच्या. हे त्या सांगतात तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही.

मागच्या आठवड्यात गटार तुंबलं म्हणून आम्ही तिघींनी जाळी उचलली. निघालं ते सगळं वर्तमानपत्रावर पसरून बघितलं. मोठ्या पिशव्या मला वाटल्या होत्या त्यापेक्षा खूपच कमी होत्या. शाम्पूच्या आणि सुपारीच्या पुड्या होत्या, कान कोरायच्या काड्या होत्या आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे होते. नखाएवढे तिकोनी तुकडे, चहाच्या चोथ्यात रुतून त्यांचा जाड थर झाला होता. त्यात माझ्या घरचेही असणार. रोज सकाळी मीही कात्रीने कोपरा कापते आणि तो मोरीतून वाहून जातो. तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये, खरंच.

हाच थर लोकांसमोर ठेवायचा विचार आहे. गटारात गेलेलं पुढे कुठेतरी साफ होतं असं अनेकांना वाटतं. पण मलवाहिनी वेगळी आणि पावसाच्या पाण्याचं गटार वेगळं. आमच्या गटारातलं थेट नदीत जातं आणि नदीतलं खाडीत. मालाडची खाडी मढ आणि वर्सोव्याच्या मधून समुद्राला मिळते. अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये ज्या वर्सोवा किनाऱ्याची सफाई सुरू केली, तिथे आमच्या गल्लीतलंही काहीतरी पोचलं असेलच ना?

आणि मोठी भरती असताना जोराचा पाऊस आला की खाडी पाणी घेत नाही. त्यात गटाराची वाट अडलेली असली की पाणी आमच्याच उंबऱ्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात स्वच्छ गटारंही पुरली नसती, हे मला कळतं. पण दरवर्षीच्या साध्या पावसातही गुडघाभर पाणी भरतं, ते का?

आता अडचण. गेल्या वर्षी आम्ही एक व्याख्यान ठेवलं होतं. लोक आले, माना डोलावल्या, कागदी कपात चहा प्यायले आणि संध्याकाळी त्यातले बरेच कप गटारात दिसले. कप आम्हीच आणले होते, चूक आमचीच. त्यावर समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, अख्खी नदी काळी आहे, माझ्या एका पिशवीने काय होणार?" मला उत्तर सुचलं नाही.

दुसरं असं की गल्ली अरुंद, कचऱ्याची गाडी आत येत नाही. ती नाक्यावर येते तेव्हा धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका केव्हाच बाहेर पडलेल्या असतात. दहा बाय दहाच्या खोलीत ओला कचरा रात्रभर ठेवला की वास, बाहेर ठेवला की घुशी. अशा बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू की पिशवी नदीत टाकू नकोस?

तर कुणालाही आरोप केल्यासारखं न वाटता सुरुवात कशी करू? आणि देवाच्या हार-फुलांचं काय सांगू? तो विषय फार नाजूक आहे.

प्रतिसाद: ताई, तुमचा शेवटून दुसरा परिच्छेदच खरा विषय आहे. आधी ड्रम, मग भाषण. आमच्या घाटकोपरच्या चाळीत घट्ट झाकणाचे दोन ड्रम नाक्याजवळ ठेवले, एक ओल्याचा, एक सुक्याचा. घरटी थोडे पैसे काढून एका बाईंना ते सकाळी गाडीत रिकामे करायचं काम दिलं. पिशव्या नाल्यात पडणं बरंच कमी झालं. भाषण कुणाला आठवतही नसेल.

प्रतिसाद: ओला कचरा आधी चाळणीत निथळवा, मग वर्तमानपत्रात गुंडाळा. वास येतो तो मुख्यतः पाण्यामुळे. चहाचा चोथा धुऊन कुंडीत घालता येतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. पिशवी धुऊन वाळवा, भंगारवाला घेतो. फुलांबद्दल तुम्ही बोलू नका, आजींना बोलू द्या. त्यांनी ही नदी स्वच्छ पाहिलीय. त्या म्हणाल्या की देवाची फुलं या पाण्यात टाकवत नाहीत, तर कुणी वाद घालणार नाही.

दोघांचेही मनापासून आभार. आजींना विचारलं, त्या तयार आहेत. फक्त म्हणाल्या, "मला माईक नको, मी ओट्यावर बसून सांगेन." व्याख्यान रद्द केलंय, त्याऐवजी रविवारी ओट्यावरच बसू. गटारातला तो थर बादलीत जपून ठेवलाय. चहा प्रत्येकाने घरून आपापल्या कपात आणायचा.

आता एकच अडलंय. नाक्याजवळच्या दोन्ही घरांचं म्हणणं, ड्रम आमच्या दाराशी नको. त्यांचंही चूक नाही. घाटकोपरवाले, तुम्ही जागेचं कसं जमवलंत? पाळीपाळीने जागा बदलत होतात, की त्या घरांना वर्गणी माफ केलीत?