डोळे मिटून पेनल्टीची प्रॅक्टिस केली तर फायदा होते का?

काळीमाती_कोच (दारव्हा तालुका)
राम राम मंडळी. आमच्या शाळेची 17 वर्षांखालची फुटबॉल टीम आहे, तालुक्याच्या मॅचेस तोंडावर अन् पावसानं ग्राउंडचा पार चिखल केला, बुटाले अशी माती चिकटते का पाय उचलत नाही, पोट्टे नुसते व्हरांड्यात बसून रायतात. एकानं सांगतलं का मनातल्या मनात किक मारायची प्रॅक्टिस करवा. खरंच कामाचं आहे का, अन् करवायचं कसं?

डावा_पाय_वर्धा
हाव सर, कामाचं आहे. इंग्लंडचा फुटबॉलपटू वेन रूनी मॅचच्या आदल्या दिवशी किटवाल्याले विचारत जाय का उद्या जर्सी, शॉर्ट्स, मोजे कोणत्या रंगाचे, मग रात्री पडल्या पडल्या त्याच कपड्यात स्वतःले गोल मारताना पाहे, त्यानं मुलाखतीतच सांगतलं आहे. पण पोट्ट्यांले झोपवून करवू नका. 2001 मध्ये होम्स अन् कॉलिन्स या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी पेटलेप नावाची पद्धत मांडली, तिचं म्हणणं का कल्पना जेवढी खऱ्या खेळासारखी तेवढी चांगली. म्हणून बूट घालून उभं करा, बॉल पायाजवळ ठेवा, तिथूनच गोलपोस्ट स्वतःच्या डोळ्यानं पाहिल्यासारखा दिसला पाहिजे, छातीतली धडधडही आली पाहिजे. अन् रनअपला खऱ्यात जेवढा वेळ लागते तेवढाच मनातही लागू द्या, घाई नाही.

जुना_स्टॉपर
सहमत, पण ज्याले इनस्टेपनं, म्हणजे पावलाच्या वरच्या भागानं, बॉल मारताच येत नाही त्याच्या डोक्यात चुकीचीच किक पक्की होईल. 1994 मध्ये ड्रिस्केल वगैरे संशोधकांनी बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला होता, त्यात मनातल्या सरावाचा फायदा दिसला पण खऱ्या सरावापेक्षा कमी, अन् मध्ये दिवस गेले का तोही ओसरते. एका वेळी 20 मिनिटांच्या वर ताणू नका. पाऊस उघडला का लगेच बॉल द्या, हे त्याच्या बदल्यात नाही, त्याच्या जोडीले आहे.

काळीमाती_कोच
आज करून पाहिलं, पोट्टे मन लावून करत होते. पण आमचा एक चांगला स्ट्रायकर म्हणते, सर मले दरवेळी बॉल गोलपोस्टच्या वरच्या बारवरूनच जाताना दिसते. त्याचं काय करू?

डावा_पाय_वर्धा
त्याले तसंच करू देऊ नका, चुकीचं चित्र घोकलं तर नुकसान होते. त्याची चांगली बसलेली एखादी पेनल्टी मोबाईलवर शूट केलेली असंल तर आधी थे दाखवा, लगेच डोळे मिटवा. बॉल वर जाताना दिसला का तिथंच थांबायचं, डोळे उघडायचे अन् बॉल स्पॉटवर ठेवण्यापासून परत सुरू करायचं. जमलं नाही तर फक्त टेकलेला पाय अन् बॉलवर झुकलेली छाती एवढंच पाहू द्या, गोलपोस्ट दोन दिवसांनी आणा.