बाळाच्या नावाचं स्पेलिंग: 'आवडेल ते ठेवा' हा सल्ला नव्हे

वेलांटी

परवा इथे एका आईने विचारलं होतं: मुलीचं नाव ज्ञानदा ठरलंय, पण डी-एन-वाय-ए-एन-ए-डी-ए हे नेहमीचं स्पेलिंग बोजड वाटतं, तर जी-वाय ने सुरू करून शेवटी दोन ए द्यावेत का? खाली एकजात सगळ्यांनी लिहिलं, 'तुमचं बाळ, तुमची मर्जी, आवडेल ते ठेवा.' मी तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

मर्जी आईबापांची हे मान्य. पण ते स्पेलिंग आईबाप किती वेळा लिहिणार? जन्मदाखला, शाळेचा प्रवेश, पहिला पासपोर्ट. तिथून पुढे जन्मभर ते मुलीलाच सांगायचं आहे. माझ्या बहिणीचं नाव कीर्ती. वडिलांनी हौसेने के, दोन ई, आर, टी, एच, दोन ई असं लिहून दिलं. शाळेच्या दाखल्यात एच गळला, बँकेत शेवटच्या दोन ईंचा आय झाला, पासपोर्ट जन्मदाखल्यावरून निघाला. तिशीत व्हिसा काढायला गेली तेव्हा 'या तिन्ही नावांची व्यक्ती मीच' असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ती फोनवर नाव सांगताना मी शेजारी बसून ऐकलंय. 'के, मग ई, परत ई... नाही, सुरुवातीलाच दोनदा.' तोवर पलीकडच्याने के-आय टाइप केलेलं असतं. शेवटी ती म्हणते, 'राहू द्या, चालेल.' स्वतःच्या नावाबद्दल माणसाला 'चालेल' म्हणावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

वेगळेपणा हवा तर नाव वेगळं ठेवा. रुळलेल्या नावात अक्षरं कोंबून मूल वेगळं होत नाही.

कातरवेळ

वेलांटीताई, बहिणीच्या बाबतीत चूक कोणाची? वडिलांची की समोरचा कागद न बघता टाइप करणाऱ्याची? माझं नाव स्नेहा, अगदी साधं, पुस्तकी स्पेलिंग. तरी एका प्रमाणपत्रावर एच दोनदा आला आणि तो काढायला आठ महिने गेले. सरळ स्पेलिंगने मला काय वाचवलं?

दुसरं म्हणजे, आमच्या वर्गात चार स्नेहा होत्या. नोकरीतही माझ्याच नाव-आडनावाची आणखी एक, आणि तिचे मेल अजून मला येतात. एकदा तिच्या पगारवाढीचं पत्र मी उघडून वाचलं. म्हणून मुलाच्या नावात, आरव, सुरुवातीला दोन ए आणि शेवटी दोन व्ही मुद्दाम दिलेत. नऊ वर्षांचा आहे, आजवर एकदाही त्रास झालेला नाही. त्याला त्याचे दोन व्ही आवडतात, वहीवर ते पंखांसारखे काढतो.

टाचण

डेटाबेस जुळवणं हेच माझं काम, म्हणून थोडं लिहितो.

सगळ्या 'वेगळ्या' स्पेलिंगांचा त्रास सारखा नसतो. नावं उच्चारावरून शोधायची साउंडेक्स नावाची एक जुनी पद्धत आहे, तिचं पेटंट 1918 चं. तिच्यातून निघालेल्या पद्धती आजही चालतात. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे, व्यंजनांना आकडे द्यायचे. डी-एन-वाय वाल्या ज्ञानदाचा कोड येतो डी 553. तिला शेवटी दोन ए द्या, मधे दोन ए द्या, कोड तोच. पण जी-वाय ने सुरू केलं की कोड होतो जी 530. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने वेगळीच बाई. जादा स्वराने फार बिघडत नाही, पहिलं अक्षर बदललं की बिघडतं.

पासपोर्टवर खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी 44 जागांच्या. त्यातल्या नावासाठी 39, आणि आडनाव, नाव, मधल्या खुणा सगळं त्यातच. अक्षरं फक्त रोमन 26. त्यामुळे डोक्यावर टिंब, मधे अपॉस्ट्रॉफी असली हौस तिथे टिकत नाही. कॅलिफोर्नियात 2020 मध्ये एलॉन मस्कच्या मुलाच्या नावातला 12 हा आकडा बदलून रोमन अक्षरांत लिहावा लागला, कारण तिथे जन्मदाखल्यावर आकडे चालत नाहीत.

कातरवेळ, दोन व्हींनी आरवचं यंत्रात काही बिघडणार नाही, हे मान्य करतो. पण नऊ वर्षांच्या मुलाला त्रास होत नाही, कारण त्याचे अर्ज तुम्ही भरता.

ज्ञमित्र

मूळ प्रश्न बाजूला राहिला. ज्ञ ला जी-वाय कशासाठी? मराठीत ज्ञ चा उच्चार द्न्य आहे. ज्ञानेश्वर आपल्याकडे डी-एन-वाय नेच लिहितात. ऋ चंही तेच. आपण रु म्हणतो म्हणून ऋतुजा आर-यू, हिंदीत रि म्हणतात म्हणून तिकडची ऋतिका आर-आय. स्पेलिंग म्हणजे आपल्या उच्चाराची साक्ष आहे. 'लोकांना वाचता येत नाही' म्हणून ती सोडली तर दोन पिढ्यांनी आपलीच मुलं स्वतःला ग्यानदा म्हणतील.

उंबरठा

साक्ष कसली? ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. त्यात द कुठे आहे? हिंदीवाले ग्य म्हणतात, गुजरातीत ग्न म्हणतात, आपण द्न्य. तिघंही मूळ उच्चारापासून सारखेच लांब. मग आपलंच खरं आणि शेजाऱ्याचं भ्रष्ट, हा हट्ट का?

माझी आई हिंदी घरातली, वडील मराठी. मी प्रज्ञा. शाळेत बाई आईसमोर माझा उच्चार 'सुधारायच्या'. आईचा चेहरा पडायचा, घरी येऊन ती मला हाक मारायचीच टाळायची, नुसतं 'बेटा' म्हणायची. त्यामुळे उच्चाराच्या शुद्धतेचं कोणी बोलू लागलं की माझं डोकं फिरतं.

ज्ञमित्र

तुमच्या आईला कोणी दुखावलं असेल तर ते वाईटच. पण त्या बाईंचा राग माझ्यावर का? मी भ्रष्ट हा शब्द वापरलेलाच नाही, तो तुम्ही आणलात. धागा मराठी घरातल्या मुलीचा आहे, तिथे मराठी उच्चार धरायचा नाही तर कुठे धरायचा?

उंबरठा

शब्द वापरला नाहीत, पण सूर तोच होता. आणि 'मराठी घर' म्हणजे नक्की काय? माझं नव्हतं?

वेलांटी

दोघंही जरा थांबा. प्रज्ञाताई, घर तुमचंही मराठीच होतं, यावर वाद नको.

जुनी वही

इतके प्रतिसाद आले, सगळे रोमन अक्षरांवर. देवनागरीत नाव कसं लिहायचं हे कोणी विचारलंच नाही! नातीच्या शाळेच्या यादीत एक अदिति आणि एक अदिती. एका श्रुतीच्या श्रु ला दीर्घ उकार. साहित्य महामंडळाचे नियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले, 1972 मध्ये चार वाढले, एकूण अठरा झाले. त्यांत स्पष्ट आहे की व्यक्तिनामाचा अन्त्य इकार-उकार दीर्घ लिहायचा: हरी, विष्णू. समासात पहिलं पद आलं की मात्र ऱ्हस्व: हरिप्रसाद, विष्णुदास. एवढं सोपं असताना आईबाप जन्मदाखल्याच्या अर्जावर मराठी रकान्यात संगणक जे सुचवेल ते तसंच सोडतात. मी तीस वर्षं मराठी शिकवलं. मुलांना स्वतःचं नाव फळ्यावर लिहायला सांगितलं की निम्मी मुलं वेलांटीपाशी अडायची आणि माझ्याकडे बघायची.

कातरवेळ

सर, नियमांचा आदर आहे. पण विशेषनाम ज्याचं त्याने लिहावं तसं. एखाद्याला संस्कृतप्रमाणे अदिति लिहायचं असेल तर तुम्ही लाल शाई मारणार का?

जुनी वही

जाणूनबुजून अदिति लिहिणाऱ्याला नाही मारणार. ती एक भूमिका आहे. माझी तक्रार माहीतच नसणाऱ्यांबद्दल आहे. तुमचे दोन व्ही सुद्धा जाणूनबुजून आहेत, म्हणून मला ते पटले नाहीत तरी चालतील.

पानगळ

मला वाटतं हे सरकारने ठरवावं. आइसलँडमध्ये नवं नाव तपासायला 1991 पासून समिती आहे. नाव त्यांच्या व्याकरणात आणि लिपीत बसलं पाहिजे. स्वीडनमध्ये 1996 मध्ये एका जोडप्याने अक्षरं आणि आकडे मिळून 43 चिन्हांचं नाव दिलं, उच्चार म्हणे 'अल्बिन'. कोर्टाने फेटाळलं.

टाचण

ते जोडपं नावांच्या कायद्याचाच निषेध करत होतं, त्यांना हौस नव्हती. आणि समिती आली की आधी ज्ञमित्र आणि उंबरठा यांच्यातलं कोणाचं नाव मंजूर होणार, ते सांगा.

ज्ञानदाची आई

परवाचा प्रश्न माझाच. सगळं वाचलं, काही ठिकाणी रडूही आलं. माझं माहेर हैदराबादचं, आमच्याकडे सगळे ग्यानदा म्हणतात, म्हणून जी-वाय मनात होतं. हौस नव्हती हो, आईला वाचता यावं एवढंच.

टाचण यांच्या कोडमुळे नवरा गप्प झाला आणि प्रज्ञाताईंच्या आईमुळे मी. शेवटी डी-एन-वाय च, शेवटचा ए एकच. आई ग्यानदा म्हणेल, तिला कोणीही सुधारायचं नाही, हे सासरी आजच सांगून टाकलं. सर, देवनागरीत वेलांटीच नाही, तेवढं बरं झालं.

उंबरठा

डी-एन-वाय मला अजूनही पटलेलं नाही. पण आजीबद्दल जे सांगितलंत, ते त्या अर्जाइतकंच पक्कं ठेवा.

ज्ञमित्र

तेवढ्यापुरता मी प्रज्ञाताईंच्या बाजूने. द्न्य बद्दल मात्र नाही.