अधिकाऱ्यांसाठीच्या आचारसंहितेचा खरंच उपयोग होतो का?

आस्थापना_टेबल:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात असलेला प्रश्न विचारतोय. मी एका सरकारी कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर होतो. दरवर्षी सगळ्या अधिकाऱ्यांची मालमत्ता विवरणपत्रं सीलबंद पाकिटात माझ्याकडे यायची, मी रजिस्टरला नोंद घ्यायचो, ज्यांचं राहिलंय त्यांना स्मरणपत्र काढायचो आणि गठ्ठा बांधून कपाटात. बदली झाली तेव्हा चार्ज देताना कपाट रिकामं केलं तर सात वर्षांची पाकिटं निघाली आणि एकाचंही सील फुटलेलं नव्हतं! म्हणजे नियम पाळला गेला होता, सगळ्यांनी वेळेत भरलं होतं, फक्त आत काय लिहिलंय ते कोणी वाचलंच नव्हतं. भेटवस्तू घेऊ नका, नातेवाइकाच्या फाईलवर सही करू नका, मालमत्ता जाहीर करा, हे नियम बहुतेक सगळ्या देशांत आहेत, पण त्याने कुठे खरंच फरक पडलाय का? आणि "सगळे चोरच असतात" एवढंच लिहू नका प्लीज, माझ्यासोबत सरळ माणसंही खूप होती.

धोरण_वाचक:
दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या सीलमध्येच आहे. फ्रान्सचं बघा. २०१३ मध्ये तिथले बजेट मंत्री जेरोम काउझाक यांचं परदेशात लपवलेलं बँक खातं उघडकीला आलं, आणि करचुकवेगिरीला आळा घालणं हे त्यांच्याच खात्याचं काम होतं! त्याच वर्षी नवा कायदा झाला, विवरणपत्रं तपासायला स्वतंत्र प्राधिकरण आलं, ते आकडे कर खात्याच्या माहितीशी ताडून बघतं, मंत्र्यांची विवरणपत्रं वेबसाइटवर टाकतं आणि मालमत्ता लपवली तर तुरुंगापर्यंत जाऊ शकतं.
उलट अमेरिकेत वॉटरगेटनंतर (ज्या प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना खुर्ची सोडावी लागली) १९७८ चा कायदा आला, त्यातून एथिक्सचं, म्हणजे सरकारी नीतिनियमांचं वेगळं ऑफिस निघालं, नियम इतके बारीक की एका वेळी २० डॉलर आणि एकाच माणसाकडून वर्षभरात ५० डॉलरपर्यंतचीच भेट कर्मचाऱ्याने घ्यायची. पण ते ऑफिस मुख्यतः सल्ला देतं, शिक्षा करायचा अधिकार त्याच्याकडे नाही. आणि स्वतःचे आर्थिक हितसंबंध असलेल्या सरकारी कामात हात घालू नका सांगणारा जो फौजदारी कायदा साध्या कर्मचाऱ्याला लागतो तो राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांना लागूच होत नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, जेवढी खुर्ची मोठी तेवढा नियम सैल.

निविदा_समिती:
मी थोडं वेगळं सांगते. आपण फक्त किती जण पकडले गेले ते मोजतो, पण नियम आहे म्हणून किती जण वाचले ते कुठेच मोजलं जात नाही. मी खरेदी समितीवर होते, आमच्याकडे निविदा उघडायच्या आधी प्रत्येकाने "माझा कोणत्याही बोलीदाराशी संबंध नाही" असं लिहून सही द्यायची पद्धत होती. एकदा आमचे वरिष्ठ पेन हातात घेऊन यादी वाचत होते आणि मध्येच थांबले. मेहुण्यांची फर्म होती त्यात. त्यांनी पेन खाली ठेवलं, "मी या बैठकीत नाही" म्हणाले आणि बाहेर गेले. तो कागद समोर नसता तर ते बसले असते आणि आमच्यापैकी कोणाची "साहेब, तुम्ही उठा" म्हणायची हिंमत झाली असती का? ज्युनियर माणसाला नाही म्हणायला काहीतरी आधार लागतो हो, "सर नियमात बसत नाही" एवढं वाक्य पुरतं.

रोखठोक:
ताई, तुमचे वरिष्ठ सरळ होते म्हणून उठले. नसते उठले तर काय? ब्रिटनमध्ये १९९५ ला नोलन समितीने सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं सांगितली, निःस्वार्थीपणा, सचोटी वगैरे, मंत्र्यांसाठी वेगळी संहिता पण आहे. २०२० मध्ये या संहितेबाबतचे पंतप्रधानांचे सल्लागार ॲलेक्स ॲलन यांनी चौकशी करून सांगितलं की गृहमंत्री प्रीती पटेल यांचं कर्मचाऱ्यांशी वागणं संहितेत बसत नाही, पंतप्रधान जॉन्सन म्हणाले भंग झालेला नाही, आणि राजीनामा कोणी दिला? सल्लागाराने! मंत्री तिथेच. पंतप्रधानांच्या परवानगीशिवाय सल्लागाराला स्वतःहून चौकशी सुरू करता यायला २०२४ उजाडलं, आणि अजूनही मंत्र्याला ठेवायचं की काढायचं हे पंतप्रधानच ठरवतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्वतःसाठी संहिता लिहिली त्यातही तोच प्रकार, ती मोडली तर बघणार कोण ते लिहिलेलंच नाही.

आस्थापना_टेबल:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितलेला प्रसंग वाचून बरं वाटलं, आणि रोखठोक यांचंही पटतंय. सगळीच पाकिटं तपासायला माणसं नाहीत हे मला माहितीये, पण दरवर्षी चिठ्ठ्या टाकून दहा उघडली तरी आपलं निघेल का ही धास्ती प्रत्येकाला राहील ना?

धोरण_वाचक:
राहील. फक्त ती चिठ्ठी काढणारा आणि पाकीट उघडणारा त्याच कार्यालयातला नको, नाहीतर साहेबांचं पाकीट कधी निघणारच नाही.