एका पीएसला किती रुपये?

गाडीच्या ऑन-रोड किमतीला पीएसने, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या आकड्याने, भागायचं आणि आकडा कमी येईल ती गाडी घ्यायची, हा हिशेब सुरुवातीला ठीक आहे, पण तेवढ्यावर गाडी ठरवू नका. टाटा नेक्सॉनचंच बघा. पेट्रोल टर्बो १२० पीएस, डिझेल ११५. डिझेल महाग, त्यात महाराष्ट्रात त्यावर रोड टॅक्सही २ टक्के जास्त. म्हणजे भागाकारात पेट्रोल सरळ जिंकतं. पण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर? पेट्रोलचा १७० न्यूटन मीटर, डिझेलचा २६०, आणि तोही १५०० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे). खंबाटकी घाटात पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि पुढे रांगणारा ट्रक. अशा वेळी डिझेल तिसऱ्या गिअरमध्ये निवांत ओढतं, पेट्रोलला बहुतेकदा दुसरा टाकावा लागतो. पेट्रोलचे पूर्ण पीएस मिळतात ते ५५०० आरपीएमला, आणि रोज तिथवर कोण नेतं?

वजनही धराच. स्विफ्टचे ८२ पीएस कागदावर किरकोळ वाटतात, पण गाडी हजार किलोच्या आत असल्याने शहरात ती चपळ वाटते. मी तर किमतीआधी पीएसला वजनाने भागतो. आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरची चार माणसं बसवून चढावर न्या.