क्राउन मोल्डिंग कापायला मायटर सॉसाठी आधी काय घ्यावं?

जर्सीकर:
न्यू जर्सीतल्या घरात जेवणाच्या खोलीला क्राउन मोल्डिंग लावायला घेतलंय, म्हणजे भिंत आणि छत जिथे मिळतात तिथली ती नक्षीची पट्टी. साडेचार इंची पाइन आहे. १० इंची मायटर सॉ, म्हणजे कोनात कापायची करवत, घरात आहेच, त्याच्यासोबत आलेलं ४० दातांचं ब्लेड. आता क्राउन स्टॉप (पट्टी सॉवर सरकू न देणारे अडसर), ८० दातांचं ब्लेड, कोपऱ्याचा कोन मोजायला डिजिटल अँगल फाइंडर, स्टँड एवढी यादी झालीये आणि सगळं एकदम घेणं काही जमणार नाही. माझं मत, आधी क्राउन स्टॉप. शनिवारी पट्टी नुसती हाताने धरून एक कोपरा कापला, दोन तुकडे जुळवले तर वर एकदम बंद आणि खाली नाणं जाईल एवढी फट. कापताना पट्टी सरकली, दुसरं काही नाही.

काटकोन:
बरोबर चाललायस. पट्टी उलटी ठेवायची, छताकडची कड टेबलावर आणि भिंतीकडची फेन्सला, म्हणजे सॉच्या मागच्या उभ्या आडीला, मग बेव्हलला (ब्लेडच्या कलाला) हात लावायचा नाही, नुसतं मायटर, म्हणजे टेबलावरचा आडवा कोन, ४५. पण ती तशीच बसून राहिली तर! स्टॉप नसतील तर पट्टी पुढे घसरते आणि प्रत्येक तुकड्याचा तिरपेपणा वेगळा येतो. फक्त तुझ्या सॉच्या मॉडेलचेच घे, दुसऱ्याचे बसतीलच असं नाही.

रंधा:
मला नाही पटत. स्टॉपचं काम लाकडाची सरळ पट्टी करते, मोल्डिंग नीट बसवून पुढच्या कडेला टेबलावर रेघ मारायची आणि त्या रेघेवर लाकूड क्लॅम्पने आवळायचं, झालं. पैसे ब्लेडवर घाल. ४० दातांच्या ब्लेडने पाइनच्या बारीक कडा उचकटतात आणि मग कितीही कॉक (फटी भरायची पेस्ट) भरलं तरी रंगाखाली दिसतं. शिवाय फेन्सला पातळ प्लायवूड लावून त्यातूनच एक काप घे, तुकड्याला मागून आधार मिळतो आणि छोटे रिटर्नचे (पट्टीचं उघडं टोक भिंतीकडे वळवून बंद करायचे) तुकडे उडत नाहीत. माझा एक दीड इंचाचा तुकडा कानाजवळून गेलाय, तेव्हापासून ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय मी सॉ वर उचलत नाही.

सपाटवाला:
उलटं ठेवायची भानगडच कशाला? पट्टी टेबलावर आडवी ठेवा, भिंतीशी ३८ अंशात बसणाऱ्या क्राउनला मायटर ३१.६ आणि बेव्हल ३३.९, बऱ्याच सॉवर तिथे खूणच केलेली असते. रुंद पट्टी छोट्या सॉवर उभी मावतच नाही, तेव्हा हाच रस्ता.

काटकोन:
@सपाटवाला ते आकडे कोपरा बरोबर ९० असेल तरच. ड्रायवॉलच्या (जिप्समच्या पाट्यांच्या भिंतीच्या) कोपऱ्यात पुट्टीचा थर चढलेला असतो, ९१-९२ सर्रास निघतं, मग दोन्ही आकडे परत काढत बसायचं. उलट्या पट्टीत एकच आकडा बदलतो. म्हणून स्टॉपनंतर अँगल फाइंडर. आणि कोपरा ९२ भरला तर सॉवर ४६ नाही लावायचं, ४४ लावायचं! १८० मधून कोपरा वजा करून निम्मं. इथे भलेभले १६ फुटी पट्टी वाया घालवतात.

रंधा:
आतल्या कोपऱ्याला अँगल फाइंडर लागतोच कशाला, कोप करा ना. एक पट्टी भिंतीला सरळ भिडवायची, दुसरी ४५ वर कापायची आणि जी नक्षीची कड उघडी पडते तिच्यावरून कोपिंग सॉ (बारीक पात्याची हातकरवत) फिरवायचा, मागून जरा जास्त काढत, मग कानस. कोपरा ८८ असो का ९२, बसतं. जर्सीच्या थंडीत हीटर चालू झाला की लाकूड आकसतं आणि मायटरचा सांधा उघडतो, कोपचा तेवढा दिसत नाही.

सपाटवाला:
पाइनला ठीक, एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाला) कोप करून बघा, ती बारीक कड हातात भुग्यासारखी येते. तिथे मायटर आणि गोंदच.

जर्सीकर:
माझी पाइन आहे म्हणजे कोप जमेल. आत्ता ८० दातांचं ब्लेड आणि साधा कोपिंग सॉ घेतो, स्टॉपऐवजी रंधा म्हणतात तशी लाकडाची पट्टी आवळून बघतो. पण खोलीत चिमणीमुळे दोन बाहेरचे कोपरेही आहेत, तिथे कोप चालत नाही, त्यामुळे अँगल फाइंडर मी यादीतून काढलेला नाही.